कंपायलर गप्प बसला म्हणून कोड चालेलच असे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सेमीकंडक्टर उद्योगाविषयी आपल्या दैनिकात अलीकडे वरचेवर मजकूर येतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केल्यापासून चिप भारतात कधी आणि कोणत्या राज्यात तयार होणार याची चर्चा घरोघरी पोहोचली, हे चांगलेच झाले. परंतु चिप कोठेही तयार झाली तरी ती अखेर एखाद्या छोट्या कारखान्यातल्या टेबलावर येते, आणि जुन्या चिपसाठी लिहिलेला कोड, म्हणजे संगणक-प्रोग्राम, तिच्यावर चालवण्यासाठी तेथे कोणीतरी सोल्डरिंग गन आणि मल्टिमीटर घेऊन बसलेला असतो. त्या टेबलावर काय घडते याविषयी मात्र फारसे लिहिले जात नाही. शेतीपंपांचे स्वयंचलित स्टार्टर तयार करण्याचा माझा नाशिक परिसरात लहानसा व्यवसाय आहे. चिप बदलताना आम्ही ज्या चुका केल्या त्या येथे मोकळेपणाने मांडतो, कारण त्यांतील बहुतेक चुका टाळता येण्याजोग्या होत्या.

स्टार्टरचे काम वाचकांना ठाऊक असेलच. थ्री-फेज वीज आली की पंप आपोआप सुरू करायचा, विहिरीतले पाणी संपले तर ड्राय रन, म्हणजे पंपाचे कोरडे चालणे, ओळखून तो थांबवायचा, आणि मोटर अडकून जास्त विद्युतप्रवाह खेचू लागली तर ती जळण्याआधी बंद करायची. वीज रात्री-अपरात्री येत असल्याने शेतकरी या डब्यावर विसंबून झोपतो. आमच्या डब्यात अनेक वर्षे एटीमेगा८ हा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपमध्ये मावणारा छोटा संगणक, होता. ही मूळची अ‍ॅटमेल कंपनीची चिप. २०१६ मध्ये मायक्रोचिपने ती कंपनी विकत घेतली. तिची प्रोग्राम मेमरी ८ किलोबाइट. ग्राहकांच्या मागण्या वाढत गेल्या तशी ती पुरेनाशी झाली, आणि आम्ही ३२ किलोबाइटच्या एटीमेगा३२८पी या चिपकडे वळलो. दोन्ही चिप २८ पायांच्या, एकाच घराण्यातल्या, पायांची मांडणीही जुळणारी. जुनी काढून त्याच सॉकेटमध्ये नवी बसवावी, यापलीकडे काही करावे लागणार नाही, अशी माझी समजूत होती, आणि ग्राहकांना तारखाही मी त्याच समजुतीवर दिल्या होत्या.

पहिल्याच प्रयत्नात कंपायलरने, म्हणजे आपला कोड चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामने, चाळीसएक चुका दाखवल्या. नव्या चिपमध्ये अनेक रजिस्टरांची, म्हणजे चिपचे वेगवेगळे भाग ज्यांतून चालवले जातात त्या छोट्या कप्प्यांची, नावे बदललेली आहेत. टायमर-शून्याचे नियंत्रण पूर्वी एका रजिस्टरात होते, ते आता दोन रजिस्टरांत विभागले आहे. तिन्ही टायमरांचे इंटरप्ट, म्हणजे हातातले काम थांबवून चिपचे लक्ष वेधणारे संकेत, पूर्वी एकाच ठिकाणी चालू-बंद होत, आता प्रत्येकाचे स्वतंत्र रजिस्टर आहे. सीरियल पोर्टच्या सगळ्या नावांत एक शून्य वाढले आहे. या चुका दिसायला भीतीदायक असल्या तरी अत्यंत प्रामाणिक असतात, कारण त्या स्वतःहून ओरडून आपली जागा सांगतात. एका संध्याकाळी आम्ही त्या सगळ्या निस्तरल्या, शेवटी कंपायलरने ‘शून्य चुका’ असे दाखवले आणि आम्ही चहा मागवला. आमची फसगत तेथूनच सुरू झाली.

चिपमध्ये कोड भरला तेव्हा सगळे काही रांगत चालले होते. एका सेकंदाचा विलंब आठ सेकंदांचा झाला होता आणि ‘पंप चालू’ दाखवणारा दिवा पंप बंद असतानाही अर्धवट तेजाने जळत होता. आम्ही चिपच्या घड्याळाला ठोके देणारा क्रिस्टल बदलला, दिव्याचा ट्रान्झिस्टर बदलला, पण फरक पडला नाही. दोष फ्यूजमध्ये होता. येथे फ्यूज म्हणजे वितळणारी तार नव्हे. चिपने कोणत्या घड्याळावर चालावे, किती व्होल्टेजखाली थांबावे, अशा मूलभूत बाबी ठरवणारे ते काही बिट असतात आणि ते प्रोग्रामबरोबर नव्हे, वेगळे लिहावे लागतात. आमच्या वहीत लो फ्यूजची, म्हणजे या बिटांच्या एका गटाची, किंमत वर्षानुवर्षे हेक्साडेसिमल (सोळाच्या पटीत मोजणाऱ्या पद्धतीत) ३एफ अशी लिहिलेली होती आणि आम्ही तीच डोळे मिटून भरली. या किमतीतले वरचे दोन बिट शून्य आहेत. एटीमेगा८ मध्ये त्यांचा अर्थ ‘व्होल्टेज चार व्होल्टच्या खाली गेले तर चिप रीसेट ठेव’ असा होता. एटीमेगा३२८पी मध्ये त्याच दोन जागांचा अर्थ ‘घड्याळाला आठने भाग’ आणि ‘ते घड्याळ चौदाव्या पायावर बाहेर काढ’ असा आहे. आमचा दिवा नेमका चौदाव्या पायावर होता. सेकंदाला दहा लाख वेळा उघडझाप करणारा दिवा माणसाच्या डोळ्याला मंद जळताना दिसतो, इतकाच त्या भुताटकीचा अर्थ होता.

हा दोष निदान दिसला तरी. त्याची दुसरी बाजू आम्हाला कित्येक आठवडे कळली नाही. व्होल्टेज पडल्यावर चिपला थांबवणारी जी सोय जुन्या चिपच्या लो फ्यूजमध्ये होती, ती नव्या चिपमध्ये तिसऱ्या, म्हणजे एक्स्टेंडेड फ्यूजमध्ये गेली आहे आणि कारखान्यातून येताना ती बंद असते. जुन्या चिपला दोनच फ्यूज-बाइट होते, त्यामुळे तिसरा लिहायचा असतो हे आमच्या वहीत असण्याचे कारणच नव्हते. खेड्यात व्होल्टेज हेलकावे खाते तेव्हा अर्धमेली चिप वेडेवाकडे काहीतरी करते, आणि ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, जपलेली शेतकऱ्याची सेटिंग पुसली जातात. ‘साहेब, मी काहीही केले नाही, टायमिंग आपोआप बदलले,’ असे फोन आले तेव्हा शेतकऱ्याच्या पोराने बटणे दाबली असतील असा निष्कर्ष मी काढला होता. त्या पोराची येथे जाहीर माफी मागणे भाग आहे.

आता मुख्य प्रकार सांगतो. टेबलावर आम्ही स्टार्टरची चाचणी शंभर वॉटच्या बल्बवर, ड्राय रनची सोय बंद ठेवून, घेत असू. काँटॅक्टर, म्हणजे मोटर जोडणारा विद्युतचुंबकी स्विच, ओढला गेला आणि बल्ब लागला की डबा उत्तीर्ण. पहिल्या खेपेचे चाळीस डबे याच चाचणीवर बाहेर पडले आणि आठवड्याच्या आत तक्रारी सुरू झाल्या : पंप सुरू होतो आणि काही सेकंदांत ‘ओव्हरलोड’ दाखवून बंद पडतो. पाच अश्वशक्तीची निरोगी मोटर साधारण सात अँपिअर घेते. मी स्वतः एका बांधावर जाऊन क्लँप मीटर लावला तेव्हा मीटर ७.२ अँपिअर दाखवत होता, तर आमच्या डब्याचा पडदा १६.७. मर्यादा ९ अँपिअरवर लावलेली असल्याने डबा स्वतःच्या समजुतीप्रमाणे अगदी योग्य तेच करत होता.

त्यानंतरचे चार दिवस आम्ही हार्डवेअरच्या मागे घालवले. विद्युतप्रवाह मोजणाऱ्या सीटीची (करंट ट्रान्सफॉर्मरची) खेप सदोष आहे असे ठरवून पुरवठादाराशी मी फोनवर बरेच काही बोललो. मग सीटीच्या टोकांवरचा रेझिस्टर बदलून पाहिला, मग सर्किट बोर्डाच्या ग्राउंडिंगवर संशय घेतला. कोडकडे कोणी पाहिले नाही, कारण कोड तर तोच होता आणि कंपायलर गप्प होता. अखेर आमच्याकडे शिकाऊ म्हणून आलेल्या एका पदविकाधारक मुलीने आम्हा जुन्या मंडळींना सुचली नाही अशी साधी गोष्ट केली. तिने सीटी बाजूला ठेवली, चिपच्या मोजणीच्या पायावर पॉवर सप्लायमधून ०.३६ व्होल्ट दिले, मल्टिमीटरने ते पडताळले आणि चिप काय आकडा वाचते ते पाहिले. जुन्या चिपने १४४ वाचला, नव्या चिपने ३३५. “सर, बोर्ड बरोबर आहे, आतली मोजपट्टी बदलली आहे,” असे तिने सांगितले.

ते अक्षरशः खरे होते. बाहेरून आलेले व्होल्टेज चिप आपल्या आतल्या एका संदर्भ-व्होल्टेजशी ताडून त्याचे १०२४ भागांत मोजमाप करते. एटीमेगा८ मध्ये हे अंतर्गत संदर्भ-व्होल्टेज २.५६ व्होल्ट आहे. एटीमेगा३२८पी मध्ये ते १.१ व्होल्ट आहे. ते निवडणाऱ्या रजिस्टराचे नाव दोन्ही चिपमध्ये एकच, निवडणारे दोन बिट तेच, त्यात लिहायची किंमतही तीच. त्यामुळे कंपायलरला आक्षेप घेण्यास जागाच नव्हती. २.५६ ला १.१ ने भागले की २.३३ येतात, ७.२ अँपिअरचे १६.७ तेवढ्यानेच होतात. आमच्या बल्बच्या चाचणीतही ०.४३ अँपिअरऐवजी एक अँपिअर दिसत असणारच, परंतु बल्ब लागला की नाही एवढेच आम्ही पाहत होतो. पडद्यावरचा आकडा कोणी वाचलाच नव्हता.

‘आता हाताने रजिस्टर कोण लिहितो, तयार लायब्ररी वापरा,’ असे काही तरुण मित्र यावर म्हणतील. त्यांच्या माहितीसाठी सांगतो, की आर्डुइनो या तयार लायब्ररी असलेल्या लोकप्रिय प्रणालीमध्येही ‘इंटर्नल’ हा एकच शब्द एटीमेगा८ वर २.५६ व्होल्ट आणि एटीमेगा३२८पी वर १.१ व्होल्ट असा अर्थ धारण करतो. लायब्ररी नावांचे फरक झाकते, चिपच्या आतल्या सर्किटचे फरक ती झाकू शकत नाही.

वॉचडॉगची हकिकत मात्र मोजमापाच्याही वरताण निघाली, कारण तिचा दोष टेबलावर कधीच दिसला नाही. वॉचडॉग म्हणजे चिपमधला पहारेकरी. प्रोग्रामने त्याला ठरावीक वेळात ‘मी जागा आहे’ असे सांगितले नाही, तर प्रोग्राम अडकला असे समजून तो चिप रीसेट करतो. काँटॅक्टर सुटताना जो विजेचा झटका बसतो त्याने चिप कधीमधी भांबावते, म्हणून आमच्या धंद्यात वॉचडॉग असावाच लागतो. जुन्या चिपमध्ये वॉचडॉगने रीसेट केले की तो स्वतः बंद होत असे आणि आमचा प्रोग्राम सावकाश, एलसीडी वगैरे सुरू करून झाल्यावर, त्याला पुन्हा चालू करत असे. नव्या चिपमध्ये वॉचडॉगमुळे रीसेट झाले तर तो चालूच राहतो, आणि तोही सर्वांत छोट्या, सुमारे १६ मिलिसेकंदांच्या मुदतीवर. आमच्या नेहमीच्या एलसीडीला तर सुरुवातीलाच १५ मिलिसेकंदांहून अधिक थांबावे लागते आणि त्यानंतर आणखी काही आज्ञा द्याव्या लागतात. परिणामी एलसीडी तयार होण्याआधीच पहारेकरी पुन्हा रीसेट करतो, पुन्हा तेच, आणि डबा त्याच फेऱ्यात अडकून पडतो. शेतकऱ्याला दिसतो तो निळा, कोरा पडदा.

यातली खरी मेख पुढे आहे. मुख्य वीज बंद करून चालू केली की हा दोष नाहीसा होतो, कारण ‘मागचे रीसेट वॉचडॉगमुळे झाले’ ही खूण वीज नव्याने आल्यावर पुसली जाते. त्यामुळे प्रत्येक बिघडलेला डबा आमच्या टेबलावर पोहोचेपर्यंत बरा झालेला असे. वैद्याच्या दारात पोहोचताच दाढ दुखायची थांबावी, तसाच हा प्रकार होता. शेवटी आम्ही टेबलावर मुद्दाम प्रोग्राम अडकवणारे एक बटण ठेवले, ते दाबले आणि पहिल्याच दाबाला कोरा पडदा समोर आला. उपाय दोन ओळींचा आहे : प्रोग्राम सुरू होताच, इतर काहीही करण्याआधी, ती खूण पुसायची आणि वॉचडॉग बंद करायचा. क्रमही हाच हवा, कारण खूण शिल्लक असेपर्यंत वॉचडॉग बंद होत नाही. हे सगळे डेटाशीटमध्ये, म्हणजे उत्पादकाच्या चिपविषयीच्या माहितीपुस्तिकेत, सावधगिरीच्या सूचनेसह, छापलेले आहे. आम्ही ते पान उघडले नव्हते.

मोबाइलवरून चालणाऱ्या मॉडेलमधला घोळ थोडक्यात सांगतो. मोडेमकडून एखादे अक्षर आले की प्रोग्राम पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. सीरियल पोर्टवर अक्षर आल्याची वर्दी देणाऱ्या इंटरप्टचे नाव नव्या चिपमध्ये एका अक्षराने लहान झाले आहे. जुने नाव तसेच ठेवले तर कंपायलर चूक दाखवत नाही, ‘या नावाचे स्पेलिंग बहुधा चुकले आहे’ एवढी वॉर्निंग देऊन पुढे जातो. आणि ज्या इंटरप्टला धनी नाही त्याची रवानगी थेट प्रोग्रामच्या आरंभाकडे होते. ती वॉर्निंग पहिल्या दिवसापासून आमच्या पडद्यावर होती, पण तिच्या आगेमागे निरुपद्रवी अशा साठएक वॉर्निंग आम्ही वर्षानुवर्षे साचू दिल्या होत्या. त्या गर्दीत कामाची एक ओळ हरवली. आता आमच्याकडे वॉर्निंग शून्यावर आल्याशिवाय कोड चिपमध्ये जात नाही.

या सगळ्यातून आमची कामाची रीत बदलली. चिप बदलायची ठरली की पहिले दोन दिवस संगणक उघडायचा नाही. दोन्ही डेटाशीट शेजारी ठेवून, आपण वापरतो तेवढ्याच भागांचे, म्हणजे घड्याळ, फ्यूज, टायमर, मोजणी, सीरियल, वॉचडॉग, ईईप्रॉम यांचे फरक हाताने कागदावर उतरवायचे. उत्पादकांनीही हे काम बरेचसे करून ठेवलेले असते. एटीमेगा८ च्या जागी एटीमेगा८८ वापरताना काय पाहावे याचे टिपण अ‍ॅटमेलने कधीचेच प्रसिद्ध केले होते आणि ३२८ ही त्या ८८ चीच थोरली बहीण आहे. ते टिपण आधी वाचले असते तर माझे कित्येक बांधांवरचे हेलपाटे वाचले असते. त्यानंतर नव्या चिपवर संपूर्ण कोड एकदम टाकायचा नाही. आधी नुसता दिवा लुकलुकवून घड्याळ मोजायचे. मग सीरियल पोर्टवरून एक ओळ पाठवायची. मग मोजणीच्या पायावर ठाऊक असलेले व्होल्टेज देऊन आकडा वाचायचा. मग मुद्दाम व्होल्टेज पाडायचे, मुद्दाम प्रोग्राम अडकवायचा. प्रत्येक पायरी जुन्या चिपवरही करायची आणि दोन्हींचे आकडे शेजारी मांडायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम सांगायला सोपा आणि ग्राहक डोक्यावर उभा असताना पाळायला फार कठीण आहे.

आता ज्या कारणासाठी हे पत्र लिहीत आहे त्याकडे येतो. आमच्याकडे दरवर्षी पदविका आणि पदवीचे विद्यार्थी नोकरीसाठी येतात. ८०५१ हा इंटेलने १९८० मध्ये आणलेला मायक्रोकंट्रोलर त्यांना शिकवलेला असतो, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पाया म्हणून तो उत्तम आहे. परंतु ९६०० बॉड रेटसाठी, म्हणजे सीरियल पोर्टच्या त्या वेगासाठी, टायमरमध्ये काय भरायचे असे विचारले की प्रत्येकजण ‘एफडी’ असे क्षणात सांगतो, आणि एफडीच का असे विचारले की बहुतेकजण गप्प होतात. क्रिस्टल ११.०५९२ मेगाहर्ट्झचा, त्याला १२ ने आणि पुढे ३२ ने भागले की २८,८०० येतात, त्यातून ९६०० हवे तर तीन मोजायचे, आणि २५६ मधून तीन वजा केले की २५३, म्हणजे एफडी. ज्याला हे उमगले आहे त्याला क्रिस्टल किंवा चिप बदलल्यावर काय बदलेल हेही उमगते. ज्याने फक्त एफडी पाठ केले आहे, तो माझ्या वहीतल्या ३एफ सारखाच ते जन्मभर भरत राहतो. मूळ ८०५१ ला एका यंत्रचक्रासाठी घड्याळाचे १२ ठोके लागत. त्याच वंशाच्या आजच्या अनेक चिप एका ठोक्यात ते काम करतात. पुस्तकातले विलंबाचे लूप त्यांच्यावर चालवले तर बारा मिनिटांत व्हायचे काम एका मिनिटात उरकेल. हा प्रयोग प्रयोगशाळेत एका तासिकेत दाखवता येतो, त्याला नवी उपकरणे लागत नाहीत, तरी आमच्याकडे आलेल्या उमेदवारांपैकी तो केलेला मला अजून भेटलेला नाही.

म्हणून तंत्रशिक्षण मंडळ आणि विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे, की मायक्रोकंट्रोलरच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एक प्रश्न बदलावा. विद्यार्थ्याला कोरा कागद देऊन पाठ केलेला प्रोग्राम लिहायला सांगण्याऐवजी त्याला एका चिपवर चालणारा कोड, दुसरी नवी चिप आणि दोन्हींची डेटाशीट द्यावीत आणि कोणत्या ओळी मोडतील, त्यांतील कोणत्या ओळींबाबत कंपायलर काहीही बोलणार नाही, एवढेच लिहायला सांगावे. डेटाशीट इंग्रजीत असते ही अडचण मला मान्य आहे. ग्रामीण तंत्रनिकेतनातल्या मुलांना तीनशे पानांची धास्ती वाटते. परंतु ती सगळी वाचायची नसतातच. कोणती वीस पाने वाचायची हे कळणे हीच विद्या आहे, आणि ती शिक्षकाने शेजारी बसून मराठीतून खुशाल शिकवावी.

ज्या तंत्रनिकेतनाला हा प्रयोग करून पाहायचा असेल त्यांना आमचे जुने बोर्ड, दोन्ही चिप आणि तो मूळचा सदोष कोड विनामूल्य देण्याची माझी तयारी आहे. कोडमध्ये वर सांगितलेल्या चुकांखेरीज आणखी दोन आहेत. त्या कोणत्या, हे मी या पत्रात मुद्दामच लिहिलेले नाही.

आपला,
शेतीपंप-स्टार्टर तयार करणारा एक लघुउद्योजक,
नाशिक